जुनं रिकर्व्ह धनुष्य विकत घेण्यापूर्वी काय पाहावं?



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी बडोद्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, एक जुनं बेअर कंपनीचं धनुष्य मिळतंय. माझा मित्र डेट्रॉइटहून येतोय, तो घेऊन येईल. फोटो पाठवलेत, बघ आणि सांग, घेऊ का?"

फोटो पाहिले. एकूण चार होते. एकात भिंतीला टेकवलेलं पूर्ण धनुष्य, एकात मुठीजवळचं अस्वलाचं चिन्ह असलेलं नाणं, एकात कंपनीचं नाव, आणि एकात मुठीच्या लाकडाची सुंदर रेषा. मी त्याला म्हटलं, "या चार फोटोंवरून धनुष्य दिसायला छान आहे एवढंच कळतं. ते ओढावं की नाही, हे यातल्या एकाही फोटोत नाही."

तो दोन क्षण गप्प बसला. मग म्हणाला, "माझ्या भुवईवरची खूण अजून आहे मामा. म्हणूनच तुला विचारतोय."

ती खूण माझ्यामुळे झाली. आजचा विषय त्या खुणेपासूनच सुरू करतो.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं मिशिगनमध्ये होतो. जुन्या रिकर्व्ह धनुष्यांचं ते माहेरघरच म्हणायला हवं. फ्रेड बेअर यांनी १९३३ मध्ये डेट्रॉइटला धंदा सुरू केला आणि १९४७ मध्ये कारखाना उत्तरेला ग्रेलिंग या छोट्या गावात नेला. १९७८ मध्ये कंपनी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेली. त्या तीसेक वर्षांत ग्रेलिंगमधून इतकी धनुष्यं बाहेर पडली, की तिकडच्या जुन्या घरांच्या गॅरेजमध्ये ती आजही सापडतात. घरातली म्हातारी माणसं सामान विकायला काढतात, तेव्हा कपबशा, हातोड्या आणि गळाच्या काठ्यांच्या शेजारी एखादं धनुष्य उभं असतं.

मी पहिलं धनुष्य असंच घेतलं. त्यावर '१९५३' असा आकडा छापलेला होता. मला वाटलं, पन्नास वर्षांहून जुना खजिना हाती लागला. घासाघीस न करता साठ डॉलर दिले. त्या उन्हाळ्यात भाचा सुट्टीला आला होता, सोळा वर्षांचा. अंगणात त्याच्या हाती धनुष्य दिलं. तिसऱ्यांदा ओढताना वरचा भाग काडकन तुटला. तुकडा त्याच्या भुवईवर लागला. चार टाके पडले. डोळा अर्ध्या इंचाने वाचला.

रात्री मी तो तुटलेला तुकडा दिव्याखाली धरला. तुटलं होतं तिथेच एक आडवी रेघ होती. ती मी घेतानाही पाहिली होती, आणि ओरखडा समजून सोडून दिली होती. आणखी एक गोष्ट आठवली. विकणाऱ्या आजोबांनी मला सरळ सांगितलं होतं, की हे गॅरेजमध्ये कित्येक वर्षं दोरी चढवलेल्याच अवस्थेत टांगलेलं होतं. त्यांनी काही लपवलं नव्हतं. मलाच त्याचा अर्थ कळत नव्हता.

त्या '१९५३' चा अर्थही नंतर समजला. ते कॅनडातल्या पेटंटचं साल. पुढच्या कित्येक वर्षांत बनलेल्या बेअर धनुष्यांवर ते छापलं गेलंय. आजही अनेक विक्रेते प्रामाणिकपणे तेच साल सांगतात, कारण धनुष्यावर तेच लिहिलेलं असतं.

म्हणून मी आता एक क्रम पाळतो. आधी धनुष्य धड आहे का ते पाहायचं. मग ते आपल्यासाठी आहे का ते पाहायचं. नाव, साल आणि किंमत सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. मीही केला होता.

आधी थोडी रचना समजून घेऊ

मधला जाड भाग, जिथे मूठ असते, त्याला रायझर म्हणतात. त्याच्या वर आणि खाली वाकणाऱ्या दोन चपट्या पट्ट्या असतात, त्यांना लिम्ब म्हणतात. आपल्याकडच्या मैदानांवरही हाच शब्द चालतो, खाण्याच्या लिंबाशी त्याचा संबंध नाही. या पट्ट्यांची टोकं उलट दिशेला, म्हणजे निशाण्याकडे वळलेली असतात. म्हणून ते रिकर्व्ह.

१९५० च्या दशकापासूनच्या बहुतेक अमेरिकन रिकर्व्ह धनुष्यांमध्ये लिम्ब थराथरांचं असतं. मध्ये लाकडाचे पातळ थर, बहुधा मेपलचे, आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लास. सगळं गोंदाने एकजीव केलेलं. धनुष्य ओढलं की निशाण्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू दाबली जाते. हा सगळा ताण फायबरग्लासचे तंतू पेलतात. हे तंतू लिम्बच्या लांबीच्या दिशेने धावतात. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरून समजतं.

पहिली पाहणी: दोरी न चढवता

धनुष्य उन्हात किंवा चांगल्या दिव्याखाली घ्या. उजेड तिरका पडू द्या. टोकापासून मुठीपर्यंत, दोन्ही बाजू आणि दोन्ही कडा सावकाश पाहा.

रेघ दिसली तर पहिला प्रश्न: उभी की आडवी?

लिम्बच्या लांबीच्या दिशेने जाणारी बारीक रेघ अनेक जुन्या धनुष्यांत असते. ती दोन तंतूंच्या मधून जाते. तंतू शाबूत असतात. अशी धनुष्यं पुढे वर्षानुवर्षं चालतात. आडवी रेघ मात्र तंतूंना छेदून जाते. ती खरोखर फायबरग्लासमध्ये उतरली असेल, तर ताण पेलणारे तंतूच तुटलेत. अशा धनुष्यावर गोंद लावून, दोरा गुंडाळून काही उपयोग नाही. ते भिंतीवर शोभेला लावावं, ओढू नये.

कधी कधी आडवी रेघ फक्त वरच्या वॉर्निशची असते. जुनं वॉर्निश वाळून तडकतं. फरक ओळखायला कापसाचा बोळा घ्या आणि लिम्बवरून हळू फिरवा. तंतू तुटले असतील तिथे कापूस अडकतो. मग नखाची कड त्या रेघेवरून न्या. नख अडलं, किंवा रेघेच्या आजूबाजूला पांढुरका डाग दिसला, तर ते वॉर्निश आहे असं मनाला समजावू नका. उघडं बोट जोरात घासू नका, काचेची कुसळं शिरतात आणि निघता निघत नाहीत.

आता कडा पाहा. लिम्ब बाजूने पाहिलं की थर दिसतात, पुस्तकाच्या पानांसारखे. दोन थरांमध्ये काळी फट दिसते का? पातळ कागदाची कड तिथे आत जाते का? जात असेल तर थर सुटायला लागलेत. दोन जागा विशेष तपासा. पहिली, लिम्ब रायझरला मिळतं ती, जिथे रायझरचं लाकूड निमुळतं होत संपतं. दुसरी, टोकं. टोकाजवळ दोरी अडकवायची खाच असते. ती खोल कापली गेली असेल, किंवा टोकावरची जोडपट्टी हलत असेल, तर सांभाळून.

रायझरवर छिद्रं असतील तर घाबरू नका. त्या काळात लोक साइट लावायला, मासे मारायची रीळ बसवायला सर्रास छिद्रं पाडत. संग्राहकाच्या दृष्टीने त्याने किंमत उतरते, नेमबाजाच्या दृष्टीने नाही. फक्त छिद्रापासून तडा निघालेला नाही ना, ते पाहा.

दुसरी पाहणी: दोरी चढवून

विकणाऱ्याने आडकाठी केली, "चढवायची काय गरज, चांगलंच आहे" म्हटलं, तर नमस्कार करून निघा.

दोरी कोणती, हे फार महत्त्वाचं. आजच्या धनुष्यांवर ज्या न ताणणाऱ्या, वेगवान दोऱ्या असतात, त्या जुन्या धनुष्यावर लावू नका. बाण सुटल्यावर दोरी झटक्याने थांबते. आधुनिक दोरी ताणतच नसल्याने तो सगळा झटका टोकांवर जातो. जुनी टोकं त्यासाठी बनवलेली नसतात, ती फुटतात. जुन्यासाठी डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरची दोरी. ती थोडी ताणते आणि झटका मऊ करते. लांबीचा हिशेब सोपा आहे. धनुष्यावर एएमओ ६० इंच लिहिलं असेल, तर दोरी साधारण ५६ इंच, म्हणजे चार इंच कमी.

दोरी चढवायला स्ट्रिंगर वापरा. दोन टोकांना टोप्या असलेली ती दोरी पायाखाली धरायची आणि मूठ वर उचलायची. धनुष्यात पाय घालून, मांडीवर वाकवून दोरी चढवायची जुनी पद्धत पुष्कळांना येते. लिम्बला पीळ पडण्याचं ते एक मोठं कारण आहे.

दोरी चढली की धनुष्य उभं धरा, दोरी आपल्याकडे. एक डोळा मिटून दोरीच्या रेषेतून पाहा. दोरी दोन्ही लिम्बच्या बरोबर मधोमध दिसली पाहिजे आणि टोकाजवळच्या वळणावर खोबणीत बसली पाहिजे. ती एका बाजूला सरकलेली दिसली, तर लिम्बला पीळ आहे. जास्त पीळ असेल तर ओढताना दोरी निसटू शकते, आणि मग धनुष्य उलटं फिरून अंगावर येतं. थोडा पीळ जाणकार माणूस काही वेळा काढू शकतो, पण "नंतर काढून घेऊ" या भरवशावर पूर्ण किंमत देऊ नका.

पीळ आणि सुटलेले थर कुठून येतात? साठवणीतून. कोपऱ्यात एका टोकावर टेकवून ठेवलेलं, वर्षानुवर्षं दोरी चढवून ठेवलेलं, गाडीच्या डिकीत उन्हात राहिलेलं. उष्णतेने गोंद सैल पडतो. नागपूर, अहमदाबाद, जयपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य ठेवणं म्हणजे ते खराब करायला ठेवणं. म्हणून विकणाऱ्याला साल विचारण्याआधी विचारा: हे कुठे ठेवलेलं होतं, आणि दोरी चढवलेली होती की उतरवलेली?

आता मोजपट्टी काढा. दोरीपासून मुठीच्या सर्वात खोल भागापर्यंतचं अंतर मोजा. साठ इंची धनुष्यात ते साधारण साडेसात ते साडेआठ इंच असतं. मग वरचं आणि खालचं लिम्ब जिथून सुरू होतं, तिथून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. दोन्हींत पाव इंचाच्या आसपास फरक चालतो. फरक फार मोठा असेल तर एक लिम्ब दुसऱ्यापेक्षा कमजोर झालंय.

तिसरी पाहणी: ओढून

डोळ्यांवर चष्मा लावा, समोर कोणी नको, शेजारी कोणी नको. निशाणा समोर ठेवा आणि दोरीवर बाण लावूनच ओढा. हात सुटलाच तर ताकद बाणात जाईल. बाणाशिवाय दोरी सोडली तर ती सगळी ताकद लिम्बमध्येच जिरते. चांगली धनुष्यंही त्याने तुटतात. दुकानात, प्रदर्शनात पोरं गंमत म्हणून रिकामी दोरी सोडतात, त्यांना प्रेमाने पण लगेच थांबवा.

पहिल्यांदा सहा इंच ओढा, हळू परत आणा. मग बारा, मग अठरा. प्रत्येक वेळी कान द्या. टिक, कट् असा आवाज आला की थांबा. दोरी हळू परत आणा, लिम्ब पुन्हा तपासा. अनेक वर्षं न वापरलेलं धनुष्य पहिल्याच दिवशी पूर्ण ओढायची गरज नसते. आम्ही त्या दिवशी हेच केलं नाही. पोराला म्हटलं, "ओढ जोरात!"

आता, ते तुमच्यासाठी आहे का?

धनुष्य निर्दोष ठरलं तरी अर्धंच काम झालं.

जुन्या धनुष्यावर '४५#' असं लिहिलेलं असतं. ती खूण पौंडांची. ४५ पौंड म्हणजे जवळपास साडेवीस किलो. हे वजन साधारणपणे २८ इंच ओढीवर मोजलेलं असतं. ही ओढ मुठीच्या खोल भागापासून मोजून त्यात पावणेदोन इंच मिळवून धरतात. तुमची ओढ किती? दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. ६५ इंच आले तर ओढ अंदाजे २६. ओढ एक इंचाने कमी झाली की वजन साधारण दोन-तीन पौंडांनी उतरतं. म्हणजे तेच धनुष्य तुम्हाला चाळीसच्या आसपास जाणवेल. खात्री करायची असेल तर लटकवायचा वजनकाटा दोरीला अडकवून मोजा.

आणि इथे अहंकार बाजूला ठेवा. अमेरिकेतली बरीच जुनी धनुष्यं शिकारीसाठी बनलेली, ४५-५० पौंडांची आणि वरची आहेत. नव्याने शिकणाऱ्या मोठ्या माणसाला २५ ते ३० पौंड पुरेसे, मुलांना त्याहून बरेच कमी. जड धनुष्याने नेम येत नाही, खांदा मात्र जातो.

लांबीही पाहा. १९६१ मध्ये आलेलं बेअरचं कोडिअ‍ॅक मॅग्नम फक्त ५२ इंचांचं. झाडीत शिकारीला सोयीचं, पण ओढ लांब असेल तर दोरीचा कोन इतका तीव्र होतो की बोटं चिमटतात. निशाण्यावर शांतपणे सराव करायचा तर ६० इंच आणि वरचं बघा.

उजवं की डावं, हेही विचारा. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचं धनुष्य डाव्या हातात धरायचं असतं. फोटो बघून घेणारे इथे हमखास फसतात.

आपल्या देशात आणखी एक प्रकार मिळतो. क्लबमधून किंवा निवृत्त खेळाडूकडून, धातूचा रायझर आणि सुटे होणारे लिम्ब असलेलं स्पर्धेचं जुनं धनुष्य. तिथे एक जादा प्रश्न: लिम्ब कोणत्या पद्धतीने बसतात? अर्ल हॉयट यांच्या कंपनीतून १९८० च्या दशकात जी जोडणी पुढे आली, ती आज आयएलएफ म्हणून जगभर चालते. तशी असेल तर उद्या लिम्ब खराब झालं तरी दुसऱ्या कंपनीचं बसेल. त्याआधीची, एकाच कंपनीची खास जोडणी असेल, तर एक लिम्ब गेलं की सगळंच गेलं. जिथे लिम्ब बसतं त्या खाचेत आणि बोल्टच्या भोवती तडे पाहायला विसरू नका.

शेवटी नाव आणि साल

बेअरच्या धनुष्यांत १९५९ पासून रायझरमध्ये नाणं बसवलेलं असतं. आधी तांब्याचं, मग ॲल्युमिनियम, पितळ, निकेल-सिल्व्हर. १९७० च्या दशकात ते लाकडाच्या वर उठलेलं दिसू लागलं. यावरून काळाचा अंदाज येतो, संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात. तुम्ही नेमबाजी करणार असाल तर नाण्याचे पैसे किती द्यायचे, हे स्वतःला विचारा. परदेशातून मागवत असाल तर भाडं आणि कस्टम्स धरूनच किंमत ठरवा.

फोटोवरून घेणाऱ्यांनी एवढे फोटो मागावेत: चारही लिम्ब-पृष्ठभाग जवळून, तिरक्या उजेडात. दोन्ही टोकं. लिम्ब आणि रायझरचा जोड, दोन्ही बाजूंनी. दोरी चढवून, टोकाकडून दोरीच्या रेषेत घेतलेला फोटो. आणि लिहिलेलं वजन-लांबी. विकणाऱ्याला यात दहा मिनिटं जातात. तो देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

भाच्याने हीच यादी डेट्रॉइटला पाठवली. दोन दिवसांत सगळे फोटो आले. विकणारी बाई व्यवस्थित होती, वडिलांचं धनुष्य घरात आडवं, दोरी उतरवून ठेवलेलं. मी एकेक फोटो मोठा करून पाहिला. एक उभी बारीक रेघ, बाकी लिम्ब स्वच्छ. दोरी मधोमध. धनुष्य उत्तम होतं.

वजन ५० पौंड. भाचा गेली दहा वर्षं काही ओढलेला नाही, आणि खरं म्हणजे त्याला ते लेकीबरोबर शिकायचं आहे. ती दहा वर्षांची.

मी काही बोललो नाही, आकडा फक्त वाचून दाखवला. तोच म्हणाला, "धनुष्य चांगलं आहे मामा, पण आमचं नाही." त्याने त्या बाईंना आभाराचा निरोप पाठवला. आता दोघांसाठी हलकं काहीतरी शोधतोय, आणि यावेळी पहिला फोटो लिम्बचा मागतोय.

तुम्हीही तोच मागा.